दामलेकाका विकत नाहीत

रद्दीवाला दारात आला की अजूनही माझा हात थबकतो. आमचे हे हसतात. म्हणतात, "विचार एकदा दामलेकाकांना." मला राग येतो, पण मी मुकाट्यानं वर्तमानपत्रांचा गठ्ठा उचलते आणि रद्दीवाल्याला फुकट देऊन टाकते. तो मला वेडी समजतो. समजू दे बापडा.

हे सगळं कलकत्त्यातलं. एकोणसत्तर-सत्तरच्या सुमाराला यांची बँकेतून तिकडे बदली झाली आणि भवानीपूरच्या एका गल्लीत आम्हाला वरचा मजला मिळाला. खाली दामलेकाका आणि त्यांची मुलगी सुधा. परमुलखात मराठी शेजार मिळाला म्हणून मी नाचायचीच बाकी होते. सामान लावून झालं तशी बांधाबांधीचे कागद आणि रिकाम्या बाटल्या जिन्यात आणून ठेवल्या. खाली बिक्रीवाला ओरडत चालला होता, "पुरोनो कागोज… शिशि-बोतोल… बिक्री आछे!" जुनंपानं विकत घेणाऱ्याला तिकडे बिक्रीवाला म्हणतात. मी त्याला आत बोलावलं. त्यानं तराजू बाहेर काढला मात्र, खालचं दार उघडलं.

उंच, खांद्यात किंचित वाकलेले, पांढरा बुशशर्ट, पायात कॅनव्हासचे बूट. चेहरा असा उतरलेला की मला वाटलं यांना घेरीच येतेय.

"वहिनी, हात जोडतो. या उंबऱ्यात नको. गल्लीच्या तोंडाशी जाऊन काय ते करा."

"का हो? आज वार वाईट आहे का?"

"वाराचा काय दोष?" ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.

अशी आमची ओळख! माझं डोकं असं तापलं म्हणता. पण पुढे पाहिलं, गल्लीत ती आरोळी लांबून ऐकू आली की दामलेकाका हातातला घास ठेवून उठायचे आणि रस्त्याकडची खिडकी लावायचे. बिक्रीवाला लांब गेला की उघडायचे. मी मनाशी म्हटलं, माणूस कवडीचुंबक दिसतोय. पण कवडीचुंबक माणूस तर आधी रद्दी विकतो! यांच्या घरात छतापर्यंत वर्तमानपत्रं रचलेली. मधून एक माणूस जाईल एवढी वाट. भर वैशाखात आत गेलं की विहिरीत उतरल्यासारखं गार लागायचं. जुना रेडिओ, सुधाची लहानपणची झबली, फुटके दिवे, सगळं तसंच. कुणी मागितलं तर देऊन टाकायचे, अगदी चांगली वस्तूसुद्धा. पैसे मात्र घ्यायचे नाहीत. शेजारच्या बंगाली बाईंनी शिवणाच्या मशीनचे पैसे जबरदस्तीनं टेबलावर ठेवले तर हे त्यांच्या मागे रस्त्यापर्यंत धावत गेले आणि परत करून आले.

सुधा हसायची. "काकू, बाबांचं असंच आहे. आमच्या घरी बिक्री नाही." ती कलकत्त्यातच जन्मलेली, वाढलेली. मराठी बोलायची, पण मधूनच घसरायची. "मी आलो, काकू!" म्हणत दारात उभी राहायची. बंगालीत बाई आणि बुवा दोघांचं क्रियापद एकच, त्याचा हा प्रताप. मी पहिल्यांदा सुधारलं, मग सोडून दिलं. तिच्या तोंडी ते गोड वाटायचं. आम्हाला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे ही पोर जिना चढून वर आली की माझं घर भरायचं. जिना चढताना मात्र ती मध्येच थांबायची, कठड्याला धरून. ते मी पाहिलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं.

दामलेकाका गोदीत मालाची पाहणी करायचे. जहाजातून उतरलेला माल खराब निघाला की विम्याच्या लोकांना खरंखोटं सांगायचं, हे त्यांचं काम. त्यांचे तळहात चांगले सुपाएवढे. म्हणायचे, "पोत्यात हात घातला की कळतं. सडायला लागलेला माल आधी गरम होतो. वास नंतर येतो."

आणि मंडळात त्यांची कीर्ती होती ती शेअर्सची. कलकत्त्यातली मराठी माणसं गणपतीला, कोजागिरीला जमायची तेव्हा आरतीपेक्षा त्यांच्याभोवतीच गर्दी जास्त. त्यांनी तरुणपणी औषधं बनवणाऱ्या एका कंपनीचे शेअर घेतले होते. घेतले तेव्हाच महाग. तेव्हा लोकांनी वेड्यात काढलं. कंपनी वाढत गेली, भाव त्याहून वाढत गेला. मग लोक म्हणाले, आता विका. दामलेकाकांनी विकले नाहीत. त्यात बोनसचे नवे शेअर मिळाले, तेही ठेवले. कंपनीचं नाव ते कधी घ्यायचे नाहीत, नुसतं 'आमचा कागद' म्हणायचे. कुणीही सल्ला विचारला तरी उत्तर एकच, उजवा तळवा जरासा वर करून.

"थांबा."

आमचे हे बँकेतले, त्यांना हे कसं पटावं? एकदा चहा पिताना यांनी विषय काढलाच. "दामलेसाहेब, नफ्याच्या मानानं हा भाव म्हणजे निव्वळ वेड्याचा बाजार आहे. एवढ्या महाग कागदाला कुणी कवटाळून बसतं का?"

"जोगळेकर, पोर वयाच्या मानानं जास्त उंच झालं म्हणून कुणी विकतं का?"

"पोर आणि शेअर यात फरक आहे की नाही?"

यावर काकांनी बशीत चहा ओतला. "असेल," म्हणाले.

त्याच थंडीत यांच्या मनात एका कारखान्याचे शेअर घ्यायचं आलं. भाव अगदी पडलेला, म्हणजे स्वस्त. काका म्हणाले, "चला, आधी बघून येऊ." रविवारी सकाळी आम्ही तिघं बसनं गार्डन रीचच्या बाजूला गेलो. मी आपली नदी बघायला म्हणून निघाले होते. धुकं असं की नदी कुठली दिसतेय, फक्त भोंगे ऐकू येत होते. काका आम्हाला कारखान्याच्या मागच्या बाजूला घेऊन गेले आणि विटांच्या लांबलचक भिंतीवर त्यांनी आपला तळवा ठेवला.

"जोगळेकर, हात लावा."

"अहो, भिंत आहे ती."

"लावा तर."

यांनी लावला आणि काढून घेतला. मग मी लावला. पौषातल्या त्या गारठ्यात, दवानं ओल्या झालेल्या भिंतीला ताप होता. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा तसं वाटलं. हे म्हणाले, मागे बॉयलर असेल. पण रविवार होता, धुराड्यातून धूर नव्हता. काही महिन्यांत त्या कारखान्याला कुलूप लागलं. तेव्हा रोज कुठे ना कुठे टाळेबंदी होतीच म्हणा. हे म्हणाले योगायोग, आणि मीही तेच म्हटलं. शेअर मात्र घेतले नाहीत.

मग ते वाईट दिवस आले. भिंतींवर लाल अक्षरं, रस्त्यात बाँब, संध्याकाळी बाहेर पडायची सोय नाही. मोठमोठ्या कंपन्या कचेऱ्या हलवू लागल्या, बाजार कोसळला. काकांचे दलाल घोषबाबू धापा टाकत यायचे आणि आमच्यासमोरच हात जोडून म्हणायचे, "दामलेबाबू, बेचे दिन, विकून टाका. अजून वेळ आहे." काकांचा तळवा वर. "थांबा." घोषबाबू कपाळाला हात लावून निघून जायचे. पुढे बाजार सावरला आणि काकांचा कागद सगळ्यांच्या वर गेला. मंडळात त्यांचा सत्कार करायचं घाटत होतं. काय तो धीर, काय ती दूरदृष्टी! मलासुद्धा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

धीर कसला आणि काय, ते मला एका संध्याकाळी कळलं.

सुधा जिन्यात पडली. ओठ निळे, पाय सुजलेले. डॉक्टर म्हणाले, लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन गेला असेल, त्यानं हृदयाची झडप आवळत गेलीय. ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही, आणि ते वेल्लोरला. कलकत्त्यात कुणाला काही मोठं झालं की लोक वेल्लोरच गाठायचे. खर्च मोठा होता. पण दामलेकाकांना काय कमी? मंडळातली माणसं म्हणाली, चार कागद विकले की झालं.

मी सुधासाठी पेज घेऊन खाली गेले तेव्हा दिवे गेलेले होते. लोडशेडिंग रोजचंच. सुधा आत निजली होती. काका त्या वर्तमानपत्रांच्या भिंतींमध्ये मेणबत्ती लावून बसलेले. मी तडकूनच विचारलं, "काका, घोषबाबूंना निरोप पाठवला की नाही?"

"वहिनी, बसा."

मी बसले.

"सुधा तान्ही असताना मी चहाच्या कंपनीचे शेअर विकले. चांगला फायदा झाला. संदेश मिठाईचा पुडा घेऊन घरी आलो तर सुधाच्या आईला ताप भरला होता. त्या आठवड्यातच गेली. म्हटलं, माणसाचं आयुष्य आहे. मग आमचा मधू मोठा झाला, त्याला नवी सायकल हवी होती. जुनी मी बिक्रीवाल्याला दिली. किरकोळ पैसे आले हो, त्यात काही नव्हतं. मधूला विषमज्वर झाला." त्यांनी ज्योतीभोवती तळवा धरला. "लोक म्हणतात दामल्यांना दूरवरचं दिसतं. मला काही दिसत नाही. मी विकलं की या घरातलं एक माणूस जातं. म्हणून मी विकत नाही. एवढंच."

मी म्हटलं, "काहीतरीच काय काका! शिकलेसवरलेले तुम्ही."

"मग तुम्ही सांगा. विकलं नाही तर सुधा जाणार. विकलं तर घरात माणसं दोनच. मी पुढे होईन, अगदी आनंदानं होईन. पण निवड माझ्या हातात नाही ना!"

मी पेज ठेवली आणि वर येऊन रडले. हे म्हणाले, म्हातारा भ्रमिष्ट झालाय, आपणच वर्गणी काढू. पण काका वर्गणी घेणारे नव्हते, आणि वर्गणी काढून ती जमायलाही नको होती का?

पुढच्या रविवारी दुपारी काका वर आले. हातात नारळ, मूठभर तांदूळ. "वहिनी, सुधाला ओटीत घ्या."

आपल्याकडे हे जुनंच आहे. मूल जगत नसलं की त्याचं नाव धोंडू ठेवायचं, नाहीतर ते दुसरीच्या ओटीत घालायचं, म्हणजे ते त्या घरचं होतं. पण ते तान्ह्या मुलाचं! ही बाविशीची पोर. मी यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता हे भडकणार. पण हे चष्मा पुसत म्हणाले, "त्यांच्या मनाला बरं वाटत असेल तर करून टाक."

खालच्या खोलीत केलं. सुधा पाटावर बसली, हसत होती, हसताना धाप लागत होती. "काकू, आता मी तुला आई म्हणणार?" काकांनी नारळ आणि तांदूळ माझ्या पदरात घातले, मग तिचा हात माझ्या हातात दिला. त्यांचा तळवा बर्फासारखा होता. "ही तुमची. आमच्या घराशी हिचा संबंध नाही. सुधाबाई, मी दामलेकाका. कळलं? इथे कुणीही विचारलं, अगदी कुणीही, तरी हेच सांगायचं. मला बाबा म्हणायचं नाही. आता नाही आणि बरी झाल्यावरही नाही."

"बरी झाल्यावर का नाही?"

"व्यवहार व्यवहारासारखा करावा."

तिचं हसू विरलं. तेवढ्यात गल्लीत आरोळी आली, "बिक्री आछे!" आम्ही तिघंही खिडकीकडे बघायला लागलो. काका उठले, खिडकीपाशी गेले, आणि त्यांनी ती सताड उघडली. आरोळी घरभर घुमली. त्याच संध्याकाळी सुधा आपली ट्रंक घेऊन आमच्याकडे राहायला आली.

विक्रीही सरळ झाली नाही. काकांनी केलेली सही कंपनीकडच्या नमुन्याशी जुळेना, कागद परत आले. नमुन्याची सही तरुणपणची, ऐटीत वळण घेतलेली. आता हात थरथरायचा. घोषबाबू म्हणाले, तश्शीच सही हवी, शिवाय ती बँकेच्या अधिकाऱ्यासमोर. काका वर्तमानपत्रांच्या समासात सरावाला बसले. मी डोकावले तर ओळीनं सह्या. वरच्या म्हाताऱ्या, खालच्या तरुण होत चाललेल्या. शेवटची दाखवून म्हणाले, "वहिनी, ही सही करायचो तेव्हा घरात चौघं होतो." दुसऱ्या दिवशी यांच्या टेबलासमोर बसून त्यांनी ती एका झटक्यात केली. हे सांगत होते, हात जरासुद्धा हलला नाही.

गरजेपुरतेच विकले. बाकीचे का ठेवले विचारलं तर म्हणाले, "ते वाढताहेत. त्यांना कशाला त्रास?"

त्याच दिवशी त्यांनी दारात दोन वेताच्या खुर्च्या मांडल्या. एकीवर स्वतः बसले. दुसरी रिकामी.

मी सुधाला वेल्लोरला घेऊन गेले. दवाखान्याच्या कागदांवर आईच्या जागी माझं नाव लिहिलं. ऑपरेशन झालं त्या रात्रभर मी देवाचं नाव घेतलं, आणि मी काही फार देवभोळी नव्हे. सकाळी पोरीच्या ओठांना रंग आला. मी बाहेर व्हरांड्यात येऊन हमसून हमसून रडले. कलकत्त्याला तार केली ती यांच्या नावानं. काकांना करायची नाही, अशी सक्त ताकीद होती.

परत आलो तेव्हा मला धास्ती होती, की काका नसतील. पण ते होते. दारात, खुर्चीवर. टॅक्सी थांबली तशी सुधा सगळं विसरून धावली, "बा…"

त्यांनी धाडकन दार लावलं. आतून आवाज आला, "वर जा. तुझी आई वर राहते."

ती जिन्यात बसून रडली. मला इतका संताप आला! तिला वर पोचवलं आणि मी खाली येऊन दार वाजवलं. "काका, पुरे झालं हे. तुम्ही धडधाकट आहात, पोरगी बरी झाली. काही झालं नाही. म्हणजे कधीच काही नव्हतं."

दार किलकिलं झालं. आवाज अगदी हळू. "वहिनी, आले होते."

"कोण?"

"न्यायला येतात ते. सही झाली त्याच दुपारी. फार सभ्य आहेत. घरात कोण कोण, म्हणाले. म्हटलं मी एकटा. मुलगी होती ना, म्हणाले. म्हटलं ती वरच्यांची. त्यांना पटलेलं नाही. म्हणाले, बसतो जरा."

मी त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. काकांची मांजर रोज त्याच वेताच्या खुर्चीवर झोपायची, मला ठाऊक होतं. आता ती लांब कोपऱ्यात, अंग फुगवून बसली होती आणि तिचे डोळे खुर्चीवर होते. मी वर आले आणि यांना काही सांगितलं नाही.

दीड-दोन वर्षं अशीच गेली. काका म्हातारे होत गेले, पण दारातून हलले नाहीत. मंडळातली माणसं म्हणायची, "तेवढे विकायला नको होते काका, भाव केवढा वाढला!" ते नुसती मान डोलवायचे. सुधा त्यांच्या समोरून जायची तेव्हा "येते हं, दामलेकाका," एवढंच. क्रियापद आता बरोबर यायचं, आणि ते ऐकून मला वाईट वाटायचं. पण जिना मात्र ती धडाधडा पाय आपटत चढायची, मध्ये कुठेही न थांबता, थेट वरपर्यंत. पहिल्यांदा मी ओरडले, हळू चढ म्हणून. मग एकदा वरून वाकून पाहिलं तर खाली काका डोळे मिटून ऐकत होते. पुन्हा नाही ओरडले.

मग यांची पुण्याला बदली झाली. मी काकांना म्हटलं, सुधाला तुमच्याजवळ ठेवते. ते एकदम उभे राहिले. "तुमची मुलगी तुम्ही न्या!" एवढं मोठ्यानं ते कधी बोलले नव्हते. बोलणं माझ्याशी होतं, पण तोंड त्या खुर्चीकडे.

निघायच्या सकाळी टॅक्सी दारात लागली. हे सामान बघत होते. काका आपल्या जागी, शेजारी ती दुसरी खुर्ची. मी वाकून नमस्कार केला. सुधानं केला. तिला उठवेना. मग ती टॅक्सीपाशी गेली, दाराला हात घातला आणि वळली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं, आता ही हाक मारणार. इतके दिवस गिळलेली. ओठ मिटून उघडलेसुद्धा.

काकांनी डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते मान हलवत होते, नको, नको. सुधानं ओठ आवळले. "चल, आई," मला म्हणाली आणि आत बसली.

टॅक्सी सुरू झाली. ती खुर्ची त्याच वेळी करकरली, कुणी उठायला लागावं तशी. मी ऐकलंय. दामलेकाकांनी तिकडे न बघताच आपला उजवा तळवा त्या खुर्चीच्या हातावर दाबून ठेवला, आणि मंडळात सगळ्यांना सांगायचे त्याच आवाजात म्हणाले,

"थांबा."